यजमान दिवसभर घरीच असतात

आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे आईची शपथ नको, ती लगेच शिंकायला लागते. तनेजा साहेबांची शपथ. आणि अक्षर न् अक्षर म्हणजे... चलो, दर दुसरं अक्षर तरी. नावं बदललीत, मजले बदललेत, एका माणसाची दाढी मी पदरची घातली आहे. पण खुर्च्या खऱ्या, चादर खरी, आणि माझी सुधामावशी तर इतकी खरी की महिना झाला, आमच्याच घरी राहतेय.

अट आधीच सांगून ठेवतो. शेवटी कोणी म्हणालं, "ओम्या, फेकतोस," तर छोले-भटूऱ्यांचं बिल माझं. कोणीच म्हणालं नाही तर तुमचं. मंजूर? मागवा मग.

तर आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते कूलरखाली पाणी साठतं तसे. रोज थोडं थोडं. कोणी लक्ष देत नाही. मग एक दिवस कोणीतरी घसरून पडतं आणि सगळे म्हणतात, अरे, एवढं कधी साठलं?

ऑफिस गाझियाबादला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. काम सर्व्हेयरचं. कोणाच्या घरात आग लागली, पाणी घुसलं, की विमा कंपनी आम्हाला पाठवते. जा, बघून या, खरंच जळलंय का? आणि जळायच्या आधी ते खरंच तिथे होतं का? तनेजा साहेब मालक. त्यागी सीनियर. मी फोटो काढतो, सामान मोजतो आणि त्यागीला छळतो. शेवटच्या कामाचा पगार मिळत नाही, पण मी ते सर्वात मन लावून करतो.

आता घरातल्या सामानाच्या विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. घरातून काही धंदा चालतो का? ग्राहक घरी येतात का? 'हो' लिहिलं तर वेगळं कव्हर घ्यावं लागतं, थोडे जास्त पैसे पडतात. 'नाही' लिहिलं तर काहीच होत नाही. म्हणजे आग लागेपर्यंत काहीच होत नाही.

दिल्लीभोवतालचं अख्खं एनसीआर 'नाही' लिहितं! मग आम्ही जातो, आणि त्या 'नाही'च्या आत तीन खुर्च्या, दोन बेसिन आणि एक रिसेप्शनिस्ट बसलेली असते.

*

इंदिरापुरममधली एक मॅडम. गीझर फुटला, घरभर पाणी. क्लेममध्ये लिहिलेलं, 'डायनिंग चेअर, तीन नग.'

आम्ही गेलो. खुर्च्या काळ्या, गुबगुबीत, गोल फिरणाऱ्या, खाली पाय दाबायचं पेडल. समोर भिंतभर आरसा. मागे बेसिन, त्याला मान ठेवायची खाच.

त्यागी बसला. पेडलवर त्याचा पाय पडला आणि तो सुळ्ळकन वर गेला.

"मॅडम, ये डायनिंग चेअर है?" वरूनच विचारलं त्याने.

"जी. बच्चे छोटे हैं ना, हाइट अॅडजस्ट करनी पड़ती है."

मी शांतपणे बेसिनकडे बोट दाखवलं. "और इसमें सिर डाल के खाना खाते हैं?"

उत्तर यायच्या आत बेल वाजली. एक मुलगी. "दीदी, आइब्रो..."

"मेरी भांजी है!" मॅडम ओरडल्या.

भांजीला आत घेतलं. पुन्हा बेल. दुसरी भांजी. अर्ध्या तासात सहा भांज्या आल्या. सातवा भांजा होता. दाढी सेट करायला आलेला. मी त्याला विचारलं, "मौसीजी कैसी हैं?" तो म्हणाला, "कौन मौसी?"

त्यागीने रिपोर्टमध्ये एकच वाक्य लिहिलं. 'इन्शुअर्ड का परिवार बहुत बड़ा है और समय लेकर आता है.'

*

मी असा हसत होतो त्याच आठवड्यात आमच्याच घरची फाइल आली. देव असतो की नाही माहीत नाही, पण टायमिंग असतं.

सुधामावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, गाझियाबादलाच राहते. दोन बेडरूमचा फ्लॅट. ती आणि काका. काका केंद्र सरकारात हिंदी अनुवादक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या शुद्ध हिंदीत करून दिल्या. रिटायर झाल्यावर ते शुद्ध हिंदी घेऊन सोफ्यावर बसले ते बसलेच.

संक्रांतीला मराठी मंडळाची बस काला अंबला जाते, पानिपतला. मावशी दरवर्षी जाते. काका या वेळी म्हणाले, "माझे गुडघे दुखतात, तू जा." ती तिकडे स्मारकापुढे डोळे पुसत उभी, आणि इकडे ड्रॉइंगरूमने पेट घेतला. पडदे, सोफा, टीव्ही, शोकेस, शोकेसशेजारचं साड्यांचं कपाट, सगळं गेलं. शेजाऱ्यांनी बादल्या ओतल्या म्हणून आतल्या खोल्या वाचल्या.

"मी पानिपतला गेले आणि इकडे माझं पानिपत झालं!" मावशी बसमधून उतरली ती हेच म्हणत.

आणि काकांनी काय वाचवलं? पंचांग आणि स्टीलचा एक डबा! जिन्यात उभे होते, एका बगलेत पंचांग, दुसऱ्या बगलेत डबा.

"घर पेटलंय आणि या माणसाने पंचांग वाचवलं," मावशी अजून सांगते. "माझी एक साडी उचलली नाही!"

"डब्यात काय आहे काका?" मी विचारलं.

"औषधं," काका म्हणाले.

तेव्हापासून दोघं आमच्याकडे. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, माणसं पाच. माझ्या दिवाणवर काका, उशाला डबा. मी खाली, उशाला काकांच्या चपला. रोज सकाळी चहाच्या आधी मावशी विचारते, "माझ्या फाइलचं काय झालं रे?"

फाइल पास झाली तर मावशीला घर परत मिळणार, मला दिवाण. त्यामुळे सांगतो, माझ्याइतकं मन लावून कोणी त्या फाइलकडे बघत नव्हतं. पण तनेजा साहेबांनी पहिल्याच दिवशी हात जोडले. "तेरी मौसी है. तू इस केस से दूर रह. त्यागी देखेगा."

त्यागीने कधीच कुठलीच गोष्ट नीट बघितलेली नाही. पण चलो.

*

मध्ये राजनगरच्या एका सरांची फाइल येऊन गेली. त्यांच्या छतातून पाणी गळलं आणि 'घरगुती खुर्च्या' खराब झाल्या. अठ्ठावीस. प्रत्येक खुर्चीच्या उजव्या हाताला वही ठेवायची फळी. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर विजेच्या प्रवाहाची व्याख्या, खाली 'कल टेस्ट है'.

"सर, घर में कितने लोग हैं?"

"दो. मैं और वाइफ."

"और टेस्ट किसका है?"

"वाइफ का," सर म्हणाले. क्षणभरही अडखळले नाहीत. मास्तर असावा तर असा!

"और अठ्ठाईस कुर्सियाँ?"

"हमारे यहाँ शादियाँ बहुत होती हैं. मेहमान आते हैं."

मी फळीवर टिचकी मारली. "मेहमान लिखते भी हैं?"

"बिल्कुल लिखते हैं!" सर चिडले. "शगुन के लिफाफों का हिसाब कौन लिखेगा? आप?"

*

मावशीची पहिली भानगड तिच्या पत्रानेच केली. कंपनीला घडलेली हकिकत लिहून द्यायची असते. काकांनी लिहून द्यायला हवी होती, एवढं शुद्ध हिंदी काय लोणच्याला ठेवलंय? पण मावशी म्हणाली, "तुमचं हिंदी कोणाला कळत नाही." चाळीस वर्षं दिल्लीत काढून तिचं स्वतःचं हिंदी असं आहे की भाजीवाला तिच्याशी मराठीत बोलतो. तिने स्वतःच लिहिलं.

तनेजा साहेबांनी ऑफिसात मोठ्याने वाचलं. "'मेरा पूरा संसार जल गया.'"

चष्मा काढला. "बेटा, पूरा संसार तो पॉलिसी में कवर नहीं है. सिर्फ टू बीएचके है."

मी सांगितलं, मराठीत संसार म्हणजे घरातलं सामानसुमान, भांडीकुंडी. ते मान हलवत पुढे गेले. शेवटची ओळ होती, 'यह सब सच है, मैंने कोई चेष्टा नहीं की.'

साहेबांचा चेहरा पडला. "ये तो गड़बड़ है. लिख के दे रही हैं कि कोई कोशिश ही नहीं की? आग बुझाने की?"

"सर, चेष्टा मतलब हमारे में मजाक! वो बोल रही हैं, मैं मजाक नहीं कर रही."

"जिसको तुम मजाक बोलते हो उसको हम कोशिश बोलते हैं?"

"जी सर."

साहेबांनी पत्र फाइलला लावलं. "अब समझ आया तू दिनभर ऑफिस में क्या चेष्टा करता है."

पण त्या दिवसापासून ऑफिसात मी मराठीचा अधिकृत दुभाषा झालो. हे लक्षात ठेवा. दिल्लीत जन्मलेला, वरण आणि आमटीतला फरक न कळणारा मी, दुभाषा!

*

आता चादरीचा किस्सा. हा माझा आवडता आहे, कारण यात पाप माझं आहे.

वैशालीतलं एक जोडपं. शॉर्ट सर्किट, एसी जळलेला. धंदा? "नहीं जी, कुछ नहीं." पण हॉलच्या मुख्य भिंतीवर एक भलीमोठी चौकोनी वस्तू, वरून फुलाफुलांची चादर टाकलेली.

"इसके पीछे क्या है?" मी विचारलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "भगवान," नवरा म्हणाला.

मी लगेच बूट काढले. हात जोडले. डोळे मिटले. त्यागी बघतच राहिला. मी डोळे न उघडता म्हणालो, "त्यागीजी, जूते."

त्यानेही काढले.

"आज मंगलवार है," मी म्हणालो. "बिना आरती के काम शुरू नहीं करते हम."

बाई स्वयंपाकघरात पळाल्या. ताटली आली, दिवा आला. आरती सुरू झाली. त्यागी खणखणीत आवाजात गायला लागला, कारण त्याला खरंच वाटत होतं. नवरा टाळ्या वाजवत होता आणि त्याला घाम फुटला होता. मी ताटली ओवाळता ओवाळता जरा वर नेली, कोपऱ्याने चादर जराशीच उचकली...

चादर पडली. मागे बोर्ड. 'तीस दिन में बीस किलो घटाइए. फीस अॅडवान्स.' शेजारी एका जाड माणसाचा फोटो आणि त्याच माणसाचा बारीक फोटो.

त्यागी आरती पूर्ण करूनच थांबला. अर्धवट सोडली तर अपशकुन होतो म्हणाला.

खाली उतरल्यावर त्याने माझा शर्ट धरला. "ओम, तू मुझसे जिंदगी में कभी एक बात सीधी करेगा?"

"करूंगा," मी म्हणालो.

*

एकच बाई भेटली जिने 'हो' लिहिलं होतं. फरीदाबादच्या. घरून डबे देतात, लोक घरी येऊन घेऊन जातात. स्वच्छ लिहिलेलं, धंदा आहे, गिऱ्हाईकं येतात. दोन फ्रिज आणि ओट्याचं सगळं सामान जळलं.

पण कंपनीकडच्या फॉर्मवर 'नाही'! एजंटने खोडून लिहिलेलं. त्याला बोलावलं.

"सर, 'हाँ' डालो तो सिस्टम बहुत कुछ पूछता है," तो म्हणाला. "'नहीं' पे फटाफट निकल जाता है."

खाली सही बाईंची. क्लेम गेला. एजंटला त्या महिन्यात बक्षीस मिळालं, सर्वात फटाफट फॉर्म भरल्याबद्दल.

आम्ही हे सांगायला गेलो तर बाईंनी आधी जेवायला वाढलं. त्यागीने तिसरी पोळी घेतली नाही. त्यागीने!

*

मग त्यागी मावशीच्या जळक्या फ्लॅटवर गेला. मावशी एकटीच किल्ली घेऊन गेली. काका म्हणाले, "मला त्या धुराच्या वासाने खोकला येतो." मी ऑफिसातच, साहेबांच्या आज्ञेनुसार दूर.

दुपारी त्याचा फोन. आवाज दबका.

"ओम, सीरियस बात है. मजाक मत करियो."

"नहीं करूंगा."

"तुम्हारी मराठी में यजमान किसे बोलते हैं?"

मी विचार केला. आमच्याकडे गणपतीला गुरुजी येतात, पाटावर बसलेल्या बाबांना म्हणतात, "यजमान, पाणी सोडा." बाबा सोडतात. मग दक्षिणाही सोडतात.

"वही जो हिंदी में बोलते हैं," मी म्हणालो. "पंडितजी का क्लायंट."

"पक्का? चेष्टा तो नहीं कर रहा?"

"आईशप्पथ."

फोन ठेवल्यावर मला छान वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यागीला सरळ उत्तर दिलं होतं. वचन पाळलं!

त्या संध्याकाळी मावशी खूश होती. "तुझा तो त्यागी फार सज्जन आहे रे. किती आपुलकीने चौकशी करत होता. यांच्याबद्दल तर इतकं विचारलं!"

"समईबद्दल काय विचारलं?" काका दिवाणवरून म्हणाले.

"पडद्याखाली सापडली ती? विचारलं ना. म्हटलं, मलाही माहीत नाही. आपले देव तर स्वयंपाकघरात. ती ड्रॉइंगरूममध्ये गेलीच कशी हो?"

"संक्रांत होती," काका म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले.

*

दोन दिवसांनी त्यागीचा रिपोर्ट टेबलावर. मी न बघितल्यासारखं करून बघितला. 'इन्शुअर्ड ने स्वयं बताया कि यजमान रोज सुबह से ड्रॉइंग रूम में बैठे रहते हैं और बार-बार चाय माँगते हैं. अर्थात घर से पंडिताई का व्यवसाय, जो फॉर्म में छिपाया गया. क्लेम देय नहीं.'

मावशी? पंडिताई? जी मावशी सत्यनारायणाला प्रसाद झाल्यावर पोचते?

तनेजा साहेब पार्लरवालीला नाही पण बुजुर्गांना मान देतात. "भेजने से पहले एक बार बुला लेते हैं," म्हणाले. "अपने मुँह से बोलें."

दुसऱ्या दिवशी मावशी आली. नवी साडी, आईची. काका खाली स्कूटर लावायला जागा शोधत होते. मावशीने आल्या आल्या पर्समधून एका फर्निचरच्या दुकानाचा कागद काढला. सोफा पसंत करून आली होती. रंगासकट.

साहेबांनी घसा साफ केला. "बहनजी, ये यजमान कब आते हैं?"

"आते हैं?" मावशी म्हणाली. "कहीं जाते ही नहीं! जब से रिटायर हुए, वहीं बैठे हैं."

साहेबांनी लिहिलं. "कुल कितने हैं?"

"कितने मतलब? एक!"

"सिर्फ एक? कब से?"

"चवालीस साल."

त्यागीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. चव्वेचाळीस वर्षं एकच क्लायंट! असा धंदा आमच्या अख्ख्या अनुभवात नव्हता.

"दूसरा नहीं रखा कभी?"

मावशीने पदर सावरला. "भाईसाब, हमारे में ऐसा नहीं चलता."

"अच्छा, कुछ देते हैं?"

"कहाँ देते हैं! पेन्शन है, सब अपने पास रखते हैं. मैं खाली चाय बनाती हूँ. चार बार. पोहे, थालीपीठ, सब जगह पर लगता है."

साहेबांना आता तिची दया यायला लागली होती. ते हळूच म्हणाले, "और रात को... रात को भी रुकते हैं?"

मावशी उभी राहिली. "भाईसाब! उमर क्या है आपकी? शरम है के नहीं?"

आणि तेव्हा, मित्रांनो, माझ्या डोक्यात ट्यूबलाइट लागली. उशिरा, फडफडत, पण लागली.

"मावशी," मी म्हणालो, "यजमान म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? तुझे काका, गाढवा! चारचौघांत काय नावाने हाक मारू?"

मी साहेबांना सांगितलं. त्यागीने ऐकलं. आधी त्यागी लाल झाला, मग साहेब. मग साहेब इतके हसले की खालचा मिठाईवाला बघायला वर आला. "पति!" ते टेबल बडवत होते. "चवालीस साल का क्लायंट! फीस नहीं देता!" मावशीला कळेना काय चाललंय, पण तीही तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. त्यागी माझ्या कानात म्हणाला, "जिंदगी में एक बार सीधा जवाब माँगा था." मी म्हणालो, "सीधा ही दिया. गलत दिया."

साहेबांनी डोळे पुसले. रिपोर्टचं पान फाडलं, नवीन घेतलं, पेन उघडलं. "बहनजी, माफ कीजिए. आपका क्लेम बिल्कुल बनता है."

मावशी खुर्चीत बसली. तो सोफ्याचा कागद हाताने सपाट करत राहिली, करत राहिली. मला माझा दिवाण दिसायला लागला. अगदी चादरीसकट.

साहेबांनी 'देय' मधला 'दे' लिहिला असेल, तेवढ्यात दार उघडलं. काका. गुडघे धरत, धापा टाकत, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा.

साहेब पेन हातात तसंच धरून उठले. दोन्ही हात पसरले. "आइए, आइए! तो आप हैं वो यजमान!"

काका थांबले. चष्मा पुसला, लावला. चाळीस वर्षांची सरकारी नोकरी त्यांच्या मानेत ताठ उभी राहिली.

"शब्द का प्रयोग सोच-समझकर कीजिए," ते म्हणाले. "यजमान तो वे हैं जो इनके बाहर जाते ही दक्षिणा लेकर मेरे पास आते हैं. मैं क्यों यजमान होने लगा? मैं तो पंडित हूँ."

खाली जिलेबी तळल्याचा आवाज येत होता.

त्यागीने फाइल उघडली आणि हळूच समईचा फोटो वर काढला. साहेबांनी पेनला टोपण लावलं.

मावशीने सोफ्याच्या कागदाची घडी घातली. पर्समध्ये ठेवली. मग काकांकडे न बघता, पिशवीकडे बघत, हात पुढे केला.

"यजमान," ती म्हणाली. "डबा काढा."

तुम्हीही पाकिटं काढा, 'फेकतोस' कोणी म्हणालं नाही. चार प्लेट भटूरे आणि दोन लस्सी.